पाच तारखेचं ‘गो.’

३ ऑगस्ट
स्वल्प्या आज दाराशी आलाच नाही. वाटी सकाळपासून तशीच. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि लघवी — कोऱ्या चहासारखी! चादरीत गुंडाळून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि म्हणाल्या, “या, बघा.” तांबड्या पेशींच्या पोटात जांभळे थेंब, दोन-दोन, टोकाला टोक लावून बसलेले. “गोचीड चावला की हे जंतू रक्तात शिरतात. आज इंजेक्शन देते, दुसरं चौदा दिवसांनी. पण वय नऊ. शब्द देत नाही.” मग — “गोचिडांचं औषध शेवटचं कधी घातलं?”

असं औषध असतं हेच मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं एका घरात राहून!

४ ऑगस्ट
तसाच. चार चमचे पाणी.

५ ऑगस्ट
बाबांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. कुत्र्याच्या पिल्लाची वळलेली शेपटी बघून नाव ठेवलं स्वल्पविराम. रोज संध्याकाळी पायरीवर बसायचे — चष्मा कपाळावर, हातात चिमटा, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी. बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडला की आरोळी: “मुद्रणदोष!” मी आतून, “शी! बाबा, आधी हात धुवा.” “अगं, लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, म्हणून तर आमची भाकरी!”

मी एकदाही शेजारी जाऊन बसले नाही.

आज बसले. पाच सापडले. हळूच म्हटलं, “मुद्रणदोष.” त्याने एक कान उचलला. एकच.

६ ऑगस्ट
दादाचा फोन. “बाबांच्या वेळीही तू तिथेच होतीस ना?” बोलून गेला. पण ते हत्यार त्याच्या हाती मीच दिलं. मार्चमध्ये बाबा रक्तदाबाने अचानक गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चचं पान होतं. पाच तारखेला ‘गो.’. मागची दोन पानं पाहिली — पाच तारीख, ‘गो.’. त्यांना शब्द तोडून लिहायची खोड: न्हावी ‘न्हा.’, ग्रंथालय ‘ग्रं.’. म्हणजे गोळी! रोजची गोळी महिन्यातून एकदा! दादाला तेच सांगितलं, कॅलेंडर गुंडाळून कपाटावर फेकलं. पाच महिने त्यांच्यावर चिडले आहे. त्याहून जास्त स्वतःवर — गोळ्यांची पट्टी एकदा तरी बघायला काय झालं होतं?

७ ऑगस्ट
तपासणीला नेलं. ताप उतरतोय. कंपाउंडर म्हणाला, “हा काकांचा स्वल्प्या ना? काका दर पाच तारखेला हजर! मानेवर घालायचे थेंब न्यायला. ‘आज आमचा गोचीड-दिन,’ म्हणायचे.”

तिथेच बाकावर बसले.

गो. गोचीड! रोजची गोळी ते कशाला लिहितील? दात घासल्याची नोंद कोण करतं? घेत होते. निदान, घेत नव्हते असं म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं — तरी म्हटलं.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, “तुला बोलायला नको होतं गं मी.”

बाबा सुटले. मी नाही. एप्रिलपासून थेंब पडले नाहीत ते माझ्यामुळेच.

९ ऑगस्ट
स्वल्प्याने वाटी चाटून पुसली! दुसऱ्या इंजेक्शनची तारीख लिहायला कॅलेंडर खाली काढलं. पुढची पानं आज प्रथमच उलटली. एप्रिल ते डिसेंबर, प्रत्येक पाच तारखेच्या चौकटीत बाबांचं बारीक अक्षर: “गोचिडांचे औषध. मानेवर, केस बाजूला सारून.”

स्वतःसाठी लिहिताना बाबांनी अख्खा शब्द कधीच लिहिला नाही.