करडीला कोणाच्या हाती द्यावे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, लग्न न केलेली, उंच करड्या शिकारी कुत्र्यांची पैदास करणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; दडपण आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर, मागचे अंगण आणि कुत्र्यांच्या खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला द्याव्यात. व्यवस्थाही तिनेच पाहावी. तिलाच का, हे कळावे म्हणून थोडे लिहिते.

ही जात दादाने आणि मी मिळून वाढवली. दादाचा कुत्रा सरदार प्रत्येक प्रदर्शनात पहिला येई आणि जो तो त्याचीच पिल्ले मागे. पुढे त्या वंशातली तरणीताठी कुत्री धावता धावता कोसळून मरू लागली. दादा म्हणे, ऊन लागले. पण माझी कुत्री बिजली सकाळच्या गारव्यात, माझ्याच हाकेवर धावत येताना पडली. तेव्हा मी सगळ्या कुत्र्यांचे रक्त जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासायला दिले.

बाईंना हृदयाचा दोष जनुकात सापडला. आई आणि बाप, दोघांकडून तो आला तरच पिल्लू पुढे ऐन तारुण्यात दगावते. एकाकडूनच आला तर ते ठणठणीत जगते, पण दोष पुढे नेते. सरदार तसा पुढे नेणारा निघाला.

दादा आमच्या कुत्रे पाळणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याने मला गप्प राहायला सांगितले. मी भर सभेत उठून म्हणाले, जोडी लावण्याआधी प्रत्येकाने चाचणी करावी, सरदारलाही तोच नियम.

सभेनंतर दादा आवाज न चढवता म्हणाला, "घरातली गोष्ट बाटलीत भरून बाहेर दिलीस."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. लोकांनी माझ्याकडची पिल्ले घेणे सोडले, मग येणे-जाणे सोडले. एकेक खोली रिकामी होत गेली. भाची मात्र मागच्या दाराने आपली कुत्री माझ्यामार्फत चाचणी करून घ्यायला घेऊन आली. "आत्या, बाबांना कळू देऊ नकोस," एवढेच म्हणाली, आणि चहा पिऊन गेली. त्यानंतर ती येत राहिली. आता सगळेच चाचणी करतात, असे तिच्याकडून कळते. कुत्री म्हातारी होऊन मरतात. हे ऐकून मी अंगणात बराच वेळ बसले होते.

२. पदके आणि चषक मंडळाला परत करावेत. सोबत निरोप देऊ नये.

३. बिजलीचे हृदय डॉक्टरीणबाईंकडे जतन केलेले आहे, ते तिथेच राहावे. बाई त्याला कधी नमुना म्हणाल्या नाहीत, बिजलीच म्हणाल्या. माझाही देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तपासणीची मला कधी भीती वाटली नाही.

४. रेडिओ शेजारच्या शिंप्याला द्यावा. भिंतीपलीकडून तो माझाच ऐकत आला आहे.

५. मी गेल्याचे दादाला पत्राने कळवू नये. भाचीने समोर बसून सांगावे.

६. करडी, माझी शेवटची कुत्री, दादाने स्वतः येऊन न्यावी. नाहीच आला तर भाचीने ठेवावी. ती सरदारच्या पणतीची मुलगी. चाल हुबेहूब त्याची, आणि चाचणीत दोन्हीकडून निर्दोष. अनोळखी माणसावर ती भुंकते. दादाने वाईट वाटून घेऊ नये, परतही फिरू नये. फाटकाशी उभे राहून हात पुढे करावा, तिला वास घेऊ द्यावा. थोड्या वेळाने ती गप्प होते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, करडीला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग सही केली. साक्षीला हक्काचे कोणी नसल्याने कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंना बोलावले आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला थांबवून घेतले. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: करडीची मालकीण
साक्षीदार: १. औषधवाल्या बाई (सही) २. प्लंबर (सही)
स्थळ: राहते घर, अंगणाकडची खोली
दिनांक: अठरा फेब्रुवारी