बुधीच्या दंडावरचा डाग

पनवेल, ता. १९ नोव्हेंबर १९५६

ती. अण्णांस दमयंतीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. विनूचे पुढचे दात पडलेत, तरी बडबड चालूच. तुम्ही मुंबईचे मोठे चामडीचे डॉक्टर झालात, बहिणीला चार ओळी लिहायला फुरसत कुठली!

आता काळजीचं. आपल्याकडे मोळी घेऊन येणारी साळू कातकरीण तुम्हाला आठवत असेल. तिची बुधी यंदा विनूच्या वर्गात आहे, त्याच्याच बाकावर. त्यांच्या वाडीतून शाळेत येणारी ती एकटीच. तिच्या गालावर नि दंडावर पांढुरके डाग आलेत. साळूला विचारलं तर काय बी नाय, काय बी नाय म्हणत पोरीला पदराआड ओढते. काही नसेल तर लपवते कशाला? मला बाई रगतपितीचाच संशय येतो. हेडमास्तरांच्या कानावर घातलंय. खरं ठरलं तर नाव काढून टाकीन म्हणाले. उलट टपाली कळवा.

वहिनींस नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली
दमयंती

---

मुंबई, ता. २२ नोव्हेंबर १९५६

चि. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

आधी संशय, मग हेडमास्तर आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर भाऊ! धन्य आहे तुझी. अगं, प्रत्येक पांढरा डाग महारोगाचा नसतो. त्या रोगाचा डाग बहुधा बधिर असतो. पोरीला डोळे मिटायला सांग, कापसाची वात दंडावरच्या डागाला हलकेच लाव आणि कळलं की हो म्हणायला सांग. मी येईपर्यंत बाकी काही करू नकोस. रोग निघालाच, तरी आता त्यावर गोळ्या आहेत. शाळेतून काढणं हे काही औषध नव्हे.

विनूस पापा. जिभेला आवर घाल, माया आहे तशीच राहील.

तुझा
अण्णा

---

पनवेल, ता. २६ नोव्हेंबर १९५६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

माझा संशय खरा ठरला. शनिवारी शाळेतच वात लावून पाहिली. हेडमास्तर समोर होते, खिडकीत पोरांची ही गर्दी! बुधीला बजावलं की कळलं तर हो म्हण, नाहीतर नाही म्हण. डोळे गच्च मिटून बसली. वात लावली की म्हणे नाय. उचलली की गप्प. पुन्हा लावली, पुन्हा नाय. एकदासुद्धा हो म्हणाली नाही!

हेडमास्तरांनी तिथल्या तिथे नाव काढलं. साळू पाया पडून एवढंच म्हणत होती, की पोरीला सुई टोचू नका. रोगाबद्दल अवाक्षर नाही. मुरलेली आहे बाई! मी बाक फिनेलने धुऊन घेतला. विनू मात्र फुगून बसलाय, जेवतही नाही.

आशीर्वाद असावा, शाबासकी दिलीत तर हवीच आहे.

आपली
दमयंती

---

मुंबई, ता. २८ नोव्हेंबर १९५६

चि. दमयंतीस आशीर्वाद.

शाबासकी कसली मागतेस? डोळे मिटलेली पोर वात लागली की नाय म्हणते आणि उचलली की गप्प बसते. मग वात लागली हे तिला कळलं कशाने? तिला प्रत्येक स्पर्श कळला, दमे! नाही म्हण हे तुझंच शहाणपण, मी लिहिलं नव्हतं. पोर कुणाला भ्यायली होती ते शोध. आणि तिला आधी वर्गात बसव, मग मला लिही.

अण्णा

---

पनवेल, ता. १ डिसेंबर १९५६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळताच वाडीवर गेले. साळूच्या झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावलेली. शेजारची हौसा आधी माझ्याकडेच संशयाने बघत राहिली. मग म्हणाली, ती सगळी नेऱ्याकडे कोळशाच्या भट्टीवर गेली. मागे देवी टोचायला माणसं आली होती, तेव्हा पोरं तापाने फणफणली. तेव्हापासून साळूने शिकवून ठेवलंय, की शहरातल्या माणसाने अंगाला हात लावून काही विचारलं की नाय म्हणायचं.

अण्णा, आज विनूला न्हाऊ घालताना त्याच्या दंडावर तसलाच पांढुरका डाग दिसला. वात लावली तर गुदगुल्या होतात म्हणून खिदळला. तेवढ्यात हेडमास्तरांची बायको हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली. मी काय केलं असेल? विनूला पदराआड ओढलं आणि काही नाही, काही नाही म्हणाले.

पुढच्या रविवारी याच. नेऱ्याला जाऊ. हेडमास्तरांनाही नेते. विनूला बिनबाह्यांचा सदरा घालणार आहे. त्यांच्यासमोर आधी त्याच्या डागाला वात लावा, मग बुधीच्या. तिने नाय म्हटलं तरी तिला माघारी आणायचंच.

लोभ ठेवायचा की नाही, ते आल्यावर ठरवा.

आपली
दमयंती