तळमजला आणि गुरुवार यांची व्यवस्था

मी, कस्तुरा जयसिंग ओव्हाळ, वय वर्षे ५९, व्यवसाय अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन, राहणार भोसरी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण अक्कलहुशारीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केला, त्यांची नावे पुढे येतील. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. कारण नसते तर त्यांनी ते दोनदा सांगितले नसते. आमच्या गल्लीतल्या डॉ. स्वरूपा इनामदार यांनी सल्ला दिला आहे की मृत्युपत्र चिडून लिहू नये. त्यांचे ऐकले तर चार ओळींत संपेल, म्हणून ऐकलेले नाही.

कलम १. मी अविवाहित आहे. का, हे विचारण्याचा अधिकार ज्यांना होता ते वारले. माझ्यामागे धाकटा भाऊ धम्मरत्न आणि त्याची मुलगी नेहा, एवढेच वारस. नेहा हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आमच्या घराण्यात समोरच्याचे पूर्ण ऐकून मग बोलणारी ती एकटीच निघाली.

कलम २. माझी मुख्य मिळकत म्हणजे राहते दुमजली घर. पूर्वेस भैरू लोंढे यांचे वेल्डिंगचे दुकान व त्यालाच लागून पलीकडे आमचे महाविद्यालय, पश्चिमेस गल्ली, दक्षिणेस कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, उत्तरेस नाला. माझे वडील जयसिंग ओव्हाळ धाराशिवकडून इकडे आले, फाउंड्रीत राबले आणि ही जागा घेतली. त्यांच्या पश्चात रीतसर नोंदणीकृत वाटणीपत्र होऊन मोशीचा फ्लॅट धम्मरत्नला गेला आणि हे घर मला आले. तेव्हा मोशीत शेते होती आणि त्याला वाटले आपण फसलो. आता तिथे टॉवर उभे राहिले आणि त्याला वाटते की फसले ती मी. म्हणून तो माझ्या भल्यासाठी दर दिवाळीला एक बिल्डर घेऊन येतो.

कलम ३. वरचा मजला, बँकेतली शिल्लक, भविष्य निर्वाह निधी आणि दागिने म्हणता येतील अशा दोन-चार वस्तू नेहाला द्याव्यात. पुस्तकेही तिलाच. तिने ती वाचावीत असा आग्रह नाही, पण रद्दीवाल्याला देण्याआधी निदान धूळ झटकावी.

कलम ४. धम्मरत्नला वडिलांचा फोटो, लोखंडी पलंग आणि चहाचा मोठा टोप द्यावा. टोपाचे कारण असे. मागे तो म्हणाला, "ताई, तळमजल्याला गाळा काढला तर घरबसल्या भाडं येईल ना गं." मी म्हटले, "तिथे माझा वर्ग भरतो." त्यावर म्हणाला, "वर्ग कसला डोंबलाचा? पोरं येतात, चहा पितात, जातात." टोप चांगला जाड आहे. त्याने स्वतः एकदा इतक्यांचा चहा करून पाहावा.

कलम ५. आता तळमजला. खरे तर त्याच्यासाठीच हा सगळा कागद आहे.

अॅनालॉग कम्युनिकेशन हा विषय मी इथल्याच एका महाविद्यालयात तीस वर्षे शिकवला. माणसाचा आवाज लहरीवर कसा चढवायचा, हवेतून कसा पाठवायचा आणि पलीकडे तो पुन्हा कसा उतरवून घ्यायचा, एवढाच विषय. एवढाच म्हणते, पण पोरांपुढे पालथ्या घड्यावर पाणी. फळ्यावर सूत्र लिहिले की माना डोलतात, आणि मागच्या बाकावरून येते, "मॅडम, हे पेपरला येतं का?" येतं म्हटले की, "किती मार्कांना?" मार्क सांगितले की, "प्लेसमेंटला याचं काय करायचं?" अरे, आधी शिका तरी! मग ठरवा काय करायचं ते!

म्हणून मी माझी एक पद्धत बसवली. आमचा भाग कारखान्यांचा, आणि औद्योगिक सुट्टी गुरुवारची. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने सोल्डर केलेला रेडिओ बुधवारी कानाला लावायचा. मिडियम वेव्हवर पुणे केंद्र लावायचे. शेजारी वेल्डिंग चालू, आजूबाजूला मोटारी, ग्राइंडर. बातम्या कमी आणि खरखर जास्त. मग गुरुवारी तीच जागा, तोच रेडिओ, तेच केंद्र. दुकाने बंद असतात आणि निवेदिकेचा शब्दन् शब्द ऐकू येतो. मग मी विचारते, का? पोरे डोकी खाजवतात. पुरेशी खाजवून झाली की मगच मी फळ्याकडे जाते. या जुन्या रेडिओत आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो. वेल्डिंगची ठिणगीसुद्धा त्याच उंचीत ढवळाढवळ करते, आणि रेडिओला बिचाऱ्याला निवडता येत नाही.

कुरुळीची स्वप्नाली, तिचे वडील चाकणला शिफ्टमध्ये असतात, ती गेल्या वर्षी एका गुरुवारी एकदम ओरडली, "मॅडम, काल यात भैरूकाका होते!" तीस वर्षांत नॉइजची याहून चांगली व्याख्या मला कोणी दिलेली नाही. भैरूने मात्र ते मनाला लावून घेतले. दारात येऊन म्हणाला, "बाई, माझ्यामुळं पोरांचं शिकनं अडतंय व्हय?" मी म्हटले, "नाही रे बाबा, तुझ्यामुळेच चाललंय."

कलम ६. महाविद्यालयातले विभागप्रमुख उद्धवराव साखरे यांना मी जुन्या प्रयोगशाळेची किल्ली ठेवते. कुलूप त्यांनी बदलले आहे, तेव्हा ती कशालाच लागणार नाही, पण त्यांच्याकडे असावी. माझे प्रात्यक्षिक गुरुवारचे होते. ते यांनी सोमवारी ढकलले. का? तर कारखान्यातल्या साहेबांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून त्यांची व्याख्याने गुरुवारी! मी म्हटले, "सर, सोमवारी इथे हवेत नुसती खरखर असते, पोरांना काही ऐकू येणार नाही." तर म्हणाले, "ओव्हाळ मॅडम, आता सगळं स्क्रीनवर दिसतं." मी विचारले, "स्क्रीनवर भैरू दिसतो का?" ते म्हणाले, "कोण भैरू?"

पुढे त्यांनी प्रयोगशाळेबद्दल अहवाल मागवला. अहवालात आले की इथे प्रत्यक्ष प्रयोगांतून विश्वासार्ह निष्कर्ष मिळत नाहीत, सॉफ्टवेअर पुरेसे आहे. झाले! ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, सगळे भंगारात. त्या खोलीत आता इनोव्हेशन सेंटर आहे आणि बसायला रंगीत पोती आहेत. मी टेम्पो करून भंगारवाल्याकडे गेले आणि सगळे विकत घेऊन तळमजल्यावर आणले. पावती माझ्या नावाची आहे, त्यामुळे महाविद्यालयाने पुढे हक्क सांगू नये. तेव्हापासून वर्ग इथेच, संध्याकाळी, ज्याला यायचे त्याने यावे. अजून येतात. मलाच कधीकधी कळत नाही का येतात.

कलम ७. तो अहवाल ज्याने लिहिला त्याचे नाव गणराज बिराजदार. माझा विद्यार्थी. तीस वर्षांतला सगळ्यात तयार कान. त्याचा पहिला रेडिओ बोलला तेव्हा तो तासभर कोणाला हात लावू देईना. आता माझ्याच विभागात कंत्राटी प्राध्यापक आहे. त्याने प्रयोगाची मापे सोमवारी घेतली. वेल्डिंग जोरात चालू असताना घेतली. परक्याने हे केले असते तर मी अज्ञान म्हटले असते. पण माझ्याच गुरुवारांवर वाढलेल्या पोराने सोमवारी मापे घेऊन "प्रयोग जमत नाहीत" असे लिहावे!

तरीही तळमजला, त्यातली सर्व यंत्रे, तारा, फळा आणि बाके मी त्यालाच ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला हा वर्ग चालवता येणार नाही. मात्र अट अशी: माझ्या मृत्यूनंतर एक महिन्याच्या आत त्याने महाविद्यालयाला लेखी कळवावे की मापे सोमवारी घेतली होती, त्याचा परिणाम त्याला ठाऊक होता, आणि अहवाल चुकीचा आहे. न कळवल्यास तळमजला धम्मरत्नला जावा. त्याने खुशाल गाळा काढावा.

कलम ८. अंत्यविधीला बुद्धवंदना व्हावी, बाकी काही नको. भाषणे नकोत. उद्धवराव आलेच तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी, माइक देऊ नये.

इथपर्यंत काल, बुधवारी लिहिले. पाठीमागे बोलणे मला जमत नाही, म्हणून आज गणराजला बोलावून कलम सात वाचायला दिले. पुढे जे झाले ते या दस्ताचाच भाग समजावे.

त्याने उभ्यानेच वाचले. म्हणाला, "सगळं खरं आहे, मॅडम."

"मग लिहून दे. मी मरायची वाट कशाला बघतोस?"

"नाही देणार."

मी म्हटले, "लाज नाही वाटत?"

"वाटते. माझं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी साखरे सरांच्या सहीनं पुढं जातं. त्यांना काय हवंय ते मला माहीत होतं. बायकोची, योगिनीची, नोकरी गेलीय, पोरगी बालवाडीत. तुम्ही पर्मनंट होतात, मॅडम. तुम्हाला भांडता आलं."

याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते चांगले नव्हते, म्हणून दिले नाही. तो पुढे म्हणाला, "अट काढा असं मी म्हणत नाही. तळमजला धम्मरत्नकाकांना द्या. फक्त गाळा होईपर्यंत मला गुरुवारी येऊ द्या. तुम्ही दवाखान्यात असताना या पोरांचं काय? आत्ता खाली येऊन उभी आहेत ती."

मी म्हटले, "मग इथे काय तोंड बघतोस? जा, उघड जा!"

तो गेला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. खाली रेडिओ लागले. एका पोराने विचारले, "सर, सूत्र लिहून घेऊ का?" आणि हा ओरडला, "पेन खाली ठेव! कालचं आणि आजचं, काय फरक ऐकलास ते सांग आधी." पोरगा म्हणाला, काल खरखर होती. "कसली?" माहीत नाही म्हणाला. गणराज गप्प बसला. बराच वेळ गप्प बसला. हे गप्प बसणे फार अवघड असते. नव्या मास्तरांना ते जमत नाही, घाईघाईने उत्तर सांगून मोकळे होतात. शेवटी दुसरीच एक मुलगी चाचरत म्हणाली, "सर, काल शेजारी ठिणग्या उडत होत्या..." आणि खाली सगळे एकदम बोलायला लागले.

छान शिकवतो. संताप आहे तो हाच! वाईट शिकवत असता तर माझे मृत्युपत्र कालच पुरे झाले असते.

म्हणून कलम नऊ. कलम सातमधली लेखी कबुलीची अट मी खोडत आहे. तळमजला गणराज बिराजदार याला बिनशर्त जावा. धम्मरत्नने हरकत घेऊ नये. घेतल्यास नेहाने त्याला हे पान वाचून दाखवावे. गणराजचा अहवाल खोटा होता आणि खोटाच राहील. मी त्याला माफ केलेले नाही, करणारही नाही, आणि हे वाक्य पुढे कोणी दयाबुद्धीने गाळू नये. पण माझ्या रागापायी पुढच्या वर्षीची पोरे काहीही न ऐकता पास होतील, हे मला चालणार नाही. अट खोडताना मला आनंद झाला नाही, याचीही नोंद असावी.

कस्तुरा जयसिंग ओव्हाळ
(सही, तसेच कलम सातमधील खाडाखोडीशेजारी पुन्हा सही)

स्थळ: भोसरी
दिनांक: गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार: आम्ही दोघे समक्ष हजर असताना श्रीमती ओव्हाळ यांनी अट खोडली व सह्या केल्या. खोडताना कागद दोन ठिकाणी फाटला, तो चिकटवून घेतला आहे. मी (डॉ. इनामदार) त्यांना तपासले. रक्तदाब वाढलेला होता. शुद्ध पूर्ण होती.

१. डॉ. स्वरूपा इनामदार (सही)
२. भैरू लोंढे (सही)