साहेबाने होडीची स्तुती केली

तीर्थरूप नेफीआत्येच्या पायांशी साओलोचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल. (मीही खुशालच आहे, पण पायी. तेच सांगायला बसलो आहे.)

दोन महिन्यांपूर्वी नवे गव्हर्नरसाहेब आपल्या मोरुआवर उतरले. आम्ही कंपनीने दिलेले सदरे घालून धक्क्यावर रांगेत उभे. (हे सदरे ज्या साबणाने धुतो तो आपल्याच खोबऱ्याचा. खोबरं जातं पोत्यातून, येतं वडीतून, आणि मध्ये कुठेतरी त्याला गुलाबाचा वास लागतो.) साहेब घामाने डबडबलेले, बिचाऱ्यांना काय बोलावं सुचेना. म्हणून माझ्या होडीवर हात फिरवून म्हणाले, "वा! काय सुंदर होडी आहे!" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चारचौघांत ज्याने वस्तूची स्तुती केली त्याला ती देऊन टाकायची, नाही म्हटलं तर घराण्याची अब्रू जाते. बाबांनी नीरफणसाच्या एकाच खोडातून कोरलेली ती होडी, तिच्या टोकाला तुझ्याच हातची शिंपल्यांची नक्षी. मी पुढे झालो, वल्हं साहेबांच्या हाती दिलं आणि हसलो. असं हसणं वैऱ्यावरही येऊ नये.

आता खोबऱ्याची पोती डोक्यावर घेऊन सगळ्या खाडीला वळसा घालतो, आणि वखारीत पोचेपर्यंत तोलणारा जेवायला गेलेला असतो. मासळी नुसती काठावरून बघायची. मीला (तुझी भाचेसून) म्हणाली, "त्यानं माझी स्तुती केली असती म्हणजे?" मी म्हटलं, तो धोका नव्हता. तेव्हापासून अळकुड्या मीच उकडतो. आणि साहेबांनी होडीचं काय केलं? बंगल्यासमोर ठेवून तिच्यात माती भरली आणि गुलाब लावले. मला रडू आलं, आत्ये. खरंच आलं.

दिलेली वस्तू देणाऱ्याच्या घराने परत घ्यायची नाही. म्हणून साहेबांना निदान रीत तरी कळावी, या हेतूने मी दर रविवारी बंगल्यावर जाऊन बाकी सगळ्याची स्तुती करू लागलो. घड्याळाची केली. साहेब म्हणाले, "थँक यू." घड्याळ तिथेच. खुर्चीची केली, टोपीची केली, थँक यू. सातव्या खेपेला काहीच उरलं नाही तेव्हा मिशांची केली, तर साहेबांचे डोळे भरून आले. दुभाष्या पाउलू म्हणाला, या बेटावर त्यांच्याशी गोड बोलणारा तू एकटाच. बायको समुद्राला भिऊन आलीच नाही. मला मेला रागही धड धरता येईना.

शेवटी बंगल्यावरच्या धोबिणीने त्यांना रीत समजावून सांगितली. साहेब अनवाणी धावत माझ्या दारात. "ने रे बाबा, आत्ताच्या आत्ता ने!" मी म्हटलं, नेली तर बाबा थडग्यात कूस बदलतील. तेव्हापासून साहेब पश्चात्तापाने रीत आपल्यापेक्षाही कडक पाळतात. पाद्रीबाबा पलंगाला बरा म्हणाले, तर साहेब आता चटईवर झोपतात.

बाकी ठीक. काका व पोरांना सांगणे, आठवण काढतो.

तुझा साओलो

ता. क. – तू लग्न होऊन पलीकडच्या बेटावर गेलीस, म्हणजे घर वेगळं. सोमवारी खोबऱ्याची बोट इकडे येते, तिने ये आणि चारचौघांत होडीची स्तुती कर. ती तुला मिळेल. मग मी तुझ्याकडे येऊन तिची स्तुती करीन. (तेव्हा कृपा करून थँक यू म्हणू नकोस.)

आणखी ता. क. – नंतर साहेब तुला चहाला गच्चीवर नेतील. तिथून सगळं मोरुआ दिसतं, माडांपासून वखारीपर्यंत, आणि फार देखणं दिसतं. तुला जे वाटेल ते मोकळेपणी बोल. चारचौघं हवेत म्हणून पाउलू, पाद्रीबाबा, धोबीण आणि मी आधीच वर जाऊन बसतो.