तोंडाने काढलेला फोटो

१४ जाने. ९६, रवि.
सुट्टी. दादांना लूनावर मागे बसवून गडब गावाच्या पुढे खाडीकाठच्या खाजणात, पक्षी बघायला. बापाला मागे बसवणं सोपं, रिटायर एसटी ड्रायव्हरला नाही. खड्डा यायच्या आधी ब्रेक तेच मारतात, पायाने, हवेत.
शेकाट्या भरपूर. तुतारी. रोलमध्ये तीनच फोटो उरले.
परत फिरताना दादा एकदम थांबले. "सुमे, चमचा गो! चोच बघ, पळीसारखी. चरतोय कसा!"
तिवराला युरियाची पांढरी गोणी अडकली होती. वाऱ्याने हलत होती.
इतके खूश झाले की मला खरं सांगवेना. कॅमेरा डोळ्याला लावला आणि जिभेने 'टिक' केलं. रोल महाग.
"आला?"
"आला, दादा."

१६ जाने.
दुपारची पाळी. धाटावच्या कारखान्यातून घरी येईतो अख्ख्या आळीला चमचा कळलेला. आई फणकारली, "मोतीबिंदू पिकलाय, उशीर केलात तर डोळा जाईल, डॉक्टर सांगून दमले. आणि यांना चमचा दिसतो!"
दादा : "पेण-रोहा जन्मभर गाडी चालवली, कुत्र्याला धक्का नाय लावला. माझे डोळे कोण तपासणार?"
मी आपली भात कालवत बसले.

२१ जाने., रवि.
एकटीच खाजणात. खरा चमचा मिळाला तर निस्तरेल म्हणून. बगळ्यांवर दोन फोटो फुकट. चमचा नाहीच. गोणी मात्र जागच्या जागी, माझ्याकडे बघत.

२४ जाने.
चहा पिताना दादा आपणहून : "ऑपरेशन करतो. सांग डॉक्टरला."
आईचं शेगडीवरचं दूध उतू गेलं. का, कसं, काही नाही. वर म्हणाले, "पट्टी सुटली की पयला चमच्याचा फोटो बघणार."


३० जाने.
ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, हसायला नि खोकायला बंदी. आई घरी डबा आणायला गेलेली. म्हटलं आत्ताच सांगून टाकावं. "दादा, तो फोटो…"
"रोल पुढं सरकवतेस तवा कर्र वाजतं. त्या दिवशी नाय वाजलं. इंजिनाच्या आवाजावर गाडी चालवलेला मानूस मी. तुझी जीभ नाय ओळखणार?"
"मग बोलला का नाहीत?"
"एवढ्या मायेनं काढलास, काय बोलू? घरी येताना मनात आलं, पोरीला माझ्यासाठी खोटं बोलाया लागतंय. मंजे डोळे गेलेच. दहा दिवस लागले कबूल करायला."
मला रडू आवरेना. त्यांनी चाचपून माझा हात धरला. "काय होतं गो तिथं?"
"युरियाची गोणी."
ओठ दाबून पोटातल्या पोटात हसले. खाट हलली. नर्स मलाच ओरडली.
मग म्हणाले, "तिचाच फोटो काढ. मला बघायचाय."

३१ जाने.
सकाळी खाजणात. गोणी आहे, अर्धी फाटलेली. शेवटचा फोटो तिचा. रोल सरकवला, कर्र वाजलं, बरं वाटलं. स्टुडिओवाल्याच्या हातापाया पडून उद्याचा वायदा घेतला. तो म्हणे, "कचऱ्याचा फोटो कशाला, ताई?"
उद्या पट्टी सुटणार. डॉक्टर म्हणतात, बघू.
देवा, दादांना गोणी गोणीच दिसू दे.