ओली बरणी

आई, मी घरी बिअर केली. तू असतीस तर आधी पदर तोंडाला लावला असतास आणि मग हळूच विचारलं असतंस, जावईबापूंना लागते का गं एवढी? नाही लागत. तो सणासुदीला ग्लासभर घेतो आणि त्यातलीही अर्धी तशीच ठेवून देतो. लेकीनं मला वाढदिवसाला एक खोका दिला, त्यातून हे सगळं उद्भवलं. आईला काय द्यावं हे सुचेनासं झालं की इथली मुलं असले खोके देतात. घरी चीज करा, घरी साबण करा, घरी बिअर करा. नवशिक्यांसाठी असतो तो, म्हणून त्यात सगळं मोजूनमापून भरलेलं असतं. काकवीसारखा घट्ट पाक, मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले सातू, ते बांधायला मलमलची पिशवी, यीस्टचं पाकीट, बाटल्या भरताना घालायची साखर, बुचं. आणि हॉप्स नावाच्या हिरव्या गोळ्या. एका वेलीची फुलं वाळवून, दाबून त्या करतात, दिसतात गुरांच्या पेंडीसारख्या, आणि बिअरचा कडूपणा म्हणजे त्याच. बरोबर एक झाकणाची मोठी बादली आणि सूचनांचा कागद. आयत्या पिठावर रेघोट्या, असं तू म्हणाली असतीस. खुशाल म्हण. मला त्या कागदाचं फार अप्रूप वाटलं. किती पाणी घ्यायचं, किती वेळ उकळायचं, यीस्ट घालण्याआधी किती निवू द्यायचं, सगळं सांगितलेलं. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. तुला मी मीठ किती विचारलं की तू म्हणायचीस, अंदाजानं. अंदाज येतो तो शेजारी उभं राहून, बघून बघून. आणि त्या एका उन्हाळ्यानंतर तू मला शेजारी उभं केलं नाहीस.

तो उन्हाळा तू विसरली असशील. ज्याला लागतं तो विसरत नाही, लावणारा विसरतो. पाटबंधारे खात्याच्या वसाहतीतलं आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागच्या दाराला दगडी पायरी. बाबांची थोरली बहीण, आत्या, दर वर्षी तिच्या झाडाच्या कैऱ्या घेऊन यायची. लोणचं आपल्याकडे घातलं जायचं आणि मुरलं की अर्धं ती घेऊन जायची. ती दारात दिसली की तुझा आवाज बदलायचा. एरवी आपल्या घरात पाळीचं फारसं कुणी काही पाळत नव्हतं, दोन खोल्यांत पाळणार तरी कसं. पण आत्या आली की मला कावळा शिवायचा आणि मी पायरीवर. त्या वर्षी ती सांगितल्यापेक्षा आधीच आली. बरणी धुवून चांगली कडकडीत उन्हात वाळवायची हा तुझाच नियम, आणि त्या दिवशी बरणी धुतलेलीसुद्धा नव्हती.

मी पायरीवर बसले आहे. पोटात दुखतंय, गुडघे पोटाशी घेतलेत. आत तू घाईघाईनं बरणी धुतेस, दोनदा विसळतेस, न्हाणीच्या दोरीवरचं फडकं ओढून आतून पुसतेस. ते फडकं दमट आहे, सकाळीच मी त्याला हात पुसायला गेले होते आणि ते आधीच ओलं आहे म्हणून तू ओरडली होतीस. बरणीच्या काठाला पाण्याचे थेंब दिसतात. मी म्हणते, "आई, अजून ओली आहे." तू मागे न बघता म्हणतेस, "गप बस. पुसून घेतली की झालं. आणि तू इकडं बघू नकोस." बाहेरच्या खोलीत आत्या अडकित्त्यानं कैऱ्या फोडतेय, तिला आपलं बोलणं ऐकू जात नाही. तेवढ्यापुरतं तरी मी हळू बोलले होते. तुझी लाज राखायला, आई.

मग आत्या तिचा वाटा न्यायला आली तेव्हा तू बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडलास आणि वरून पांढरी बुरशी. वास तर विचारू नकोस. तिच्या झाडाच्या कैऱ्या. आत्यानं बरणीत बघितलं, मग घरातल्या एकेकाकडे बघितलं. "कुणाचा हात लागला गं याला?" तू हातातला दादरा झटकलास. तेवढ्या वेळात तू काय काय तोलून बघितलंस याचा विचार मी जन्मभर करत आलेय. मग तू म्हणालीस, "ही बसली होती ना वन्सं त्या दिवशी. पाणी प्यायला आत आली असेल." असेल. आली होती असंही म्हणाली नाहीस, म्हणजे खोटं बोलल्याचं पापही नको. करूनसवरून नामानिराळी. आत्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला, तो मला लागलाही नाही. मी तुझ्याकडे बघत होते. तू दादरा घडी घालत होतीस.

त्यानंतर आत्या नसतानाही मी पायरीवर बसू लागले. लोणच्याच्या दिवसांत, पाळी असो नसो, तू मला शेजारच्या काकूंकडे पाठवायचीस. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना तू हसत हसत सांगितलंस, "सगळं येतं हो हिला, फक्त लोणच्याला हिचा हात चालत नाही." तुझ्या दृष्टीनं ती गंमत होती. सासूबाईंनी ती गंमत जपून ठेवली. मी न्यूयॉर्कजवळ पार्सिपनीत इतकी वर्षं राहते, दुकानातली लोणच्याची बाटली आणते. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला कोण काय करणार हे ठरतं तेव्हा कुणी बोलायच्या आत मीच सांगते, पेपर प्लेट्स आणि ज्यूस माझ्याकडे. आणि नोकरी काय करते तर औषधाच्या कंपनीत, जंतूंच्या प्रयोगशाळेत. माल खराब झाला की तो कुठे, कशानं, कुणाच्या हातून झाला ते शोधायचं. जगभराच्या बरण्यांचा निवाडा करते मी. माझ्या बरणीचा केला नाही. खरं सांगायचं तर मला हळूहळू वाटायलाच लागलं होतं की त्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेले असेन.

तर बिअर. लेक न्यूयॉर्कला नोकरी करते, ती शनिवारी मुद्दाम आली. कागदात पहिल्याच ओळीला बजावलेलं की सगळी मेहनत स्वच्छतेची आहे. खोक्यातलं एक जंतू मारायचं औषध पाण्यात कालवायचं, त्याचा खूप फेस होतो, त्यानं बादली आतून भिजवायची आणि फेसासकट तशीच वापरायची. विसळायची नाही, पुसायची नाही. मी वाचलं. लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं ते ऐकलं. सातूची पिशवी गरम पाण्यात सोडली, पाक ढवळला, हॉप्स टाकले, घरभर ओल्या गवताचा वास सुटला. पातेलं सिंकमध्ये बर्फात बसवलं. आणि बादलीपाशी आले तेव्हा त्या फेसात अन्न ओतायला माझा हात होईना. मी नळ सोडला, बादली दोनदा खळखळून विसळली आणि ओट्यावरच्या फडक्यानं आतून पुसून घेतली. प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. पण घरच्या सिंकशी उभी राहिले की माझे हात माझे राहत नाहीत, तुझे होतात.

"मॉम, नो! डोन्ट वाइप इट. आता जर्म्स गेले ना परत आत," लेक म्हणाली.

"फेस असलेल्या भांड्यात कुणी खायची वस्तू घालतं का? गप बस, तुला काय कळतंय."

"ओके. युवर बिअर," म्हणून तिनं खांदे उडवले.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा आम्ही तिघांनी मिळून झाकण उघडलं. वर पांढरी, सुरकुतलेली साय धरलेली, मध्ये मध्ये फुगे, आणि आंबूस वास. मला काय झालं हे बघताक्षणी कळलं, तेवढं माझं शिक्षण आहे. "व्हॉट हॅपन्ड?" लेकीनं विचारलं. आणि आई, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी नवऱ्याकडे वळून म्हणाले, "तू मध्ये झाकण उघडून बघितलं होतंस ना?" वड्याचं तेल वांग्यावर. तो बिचारा तसाच आहे, वाद नको म्हणून जगाचे गुन्हे अंगावर घेईल. "एकदाच उघडलं होतं गं," तो म्हणाला, "असेल, माझ्यामुळेच झालं असेल."

असेल. तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणाले, "नाही. माझ्यामुळे झालं. मी विसळली आणि ओट्यावरच्या फडक्यानं पुसली. ही नको म्हणत होती."

झालं काय माहितीये? काही नाही. लेक म्हणाली, "आय टोल्ड यू," आणि फोनवर दुसरा खोका मागवायला लागली. नवरा बादली मागच्या अंगणात ओतून आला आणि त्यानं हात धुऊन चहा टाकला. एवढंच होतं, आई. एवढंच बोलायचं होतं. आत्यानं आरडाओरडा केला असता, बाबांकडे चुगली केली असती, पुढच्या वर्षी कैऱ्या आणल्या नसत्या. आपण विकतच्या घेतल्या असत्या. तू आत्याला किती घाबरायचीस हे मला आता कळतं, तिच्यापुढे तुझं कुणी नव्हतं हेही कळतं. कळतं म्हणून माफ केलं असं समजू नकोस. तुझ्यामागे उभं राहणारं एक माणूस त्या घरात होतं, ते पायरीवर बसलं होतं, आणि तू त्यालाच पुढे केलंस. शेवटच्या आजारात मी महिनाभर तुझ्या उशाशी होते. तू माझ्या हातून पाणी पीत होतीस, पेज खात होतीस. एकदा दुपारी तू माझा हात धरून म्हणालीस, "तुझा हात किती थंड गं." मला वाटलं आता बोलशील. तू कूस बदललीस.

दुसरी बिअर चांगली झाली. फेसाच्या बादलीत तशीच ओतली, डोळे मिटून. बाटली उघडताना फस्स झालं तेव्हा लेकीनं टाळ्या वाजवल्या, नवऱ्यानं पहिल्यांदा ग्लास संपवला. मला तिची चव मुळीच आवडली नाही, तरी मी पूर्ण प्याले. माझ्या हाताला साधलेलं होतं ते.

हे लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे, कारण ते लेकीच्या हाती लागलेलं मला चालणार नाही. दर महिन्याला देवघराशी हिंडणारी, कशाला न शिवण्याचा अर्थही ठाऊक नसलेली मुलगी मी वाढवली, याचा मला ताठा आहे, आणि तो तिच्यापुढे तसाच राहू दे. वाढदिवसानंतर ती दर रविवारी फोनवर विचारायची, खोका उघडलास का, आणि मी सांगायचे, ऑफिसात फार काम आहे गं. काम नव्हतं. माझी पाळी तेव्हा जाण्याच्या वाटेवर होती, कधी यायची, कधी नाही, कशाचा नेम नव्हता. बिअर आंबायला दोन आठवडे लागतात. मध्येच आली तर, असं वाटायचं. डॉक्टरबाईंनी आता पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं, त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी खोका उघडला.