बारा वेळा मंजूर केलेली नारिंगी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी शीतपेयांच्या कारखान्यात चव तपासणे, हल्ली काही नाही, आज पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे आणि त्याने बुद्धी बिघडलेली नाही, असे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या व मागची गॅलरी, माझ्या पश्चात माझ्या मुलाच्या मालकीचे व्हावे. त्याला विकायचे तर विकावे. मात्र स्वयंपाकघराची खिडकी खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. दोष लपवून माल खपवणे या घरात चालत नाही. कारखान्यात चालत होते.

२. बँकेतील ठेव मुलगा व सून यांनी निम्मी निम्मी घ्यावी. मुलाविषयी तक्रार एकच. तो बिनसाखरेचे रंगीत पाणी पितो आणि वर म्हणतो, "आई, गार असलं की झालं, चवीचं काय एवढं?" एकतीस वर्षे ज्या कामावर मी त्याला वाढवले, त्या कामाचा हा निकाल पोटच्या पोराने दिला. तरीही ठेव त्याला मिळावी. मी डोक्यात राख घालून घेणारी आहे, पण कोणाचा हक्क मारणारी नाही.

३. चव घ्यायचे सहा काचेचे पेले, थर्मामीटर व माझी वही सुनेला द्यावी. आमटीत मीठ कमी की मोहरी करपलेली, एवढे तिला एका घोटात कळते. तिच्यासाठी कामाची रीत लिहून ठेवते. सकाळी चहा घ्यायचा नाही, कांदा खायचा नाही, वासाचे तेल लावायचे नाही. पेय गार करायचे नाही, कारण गारव्यात सगळे दोष लपतात. डाव्या पेल्यात मागच्या महिन्यात मंजूर झालेली बाटली ओतायची, उजव्यात आजची. मधे कोमट पाण्याची चूळ. फरक कळला तर माल परत, नाही कळला तर सही. ही रीत मी कधीही मोडली नाही, आणि घात तिथेच झाला.

४. आमच्या कारखान्याची नारिंगी ज्यांनी काचेच्या बाटलीतून प्यायली असेल, त्यांना सांगायला नको. आधी नाकात झिणझिण्या, मग साखर, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागे सालीचा किंचित कडूपणा. तो कडूपणा होता म्हणून माणूस दुसरा घोट घेई. पुढे नवे साहेब आले. त्यांनी सालीचे तेल थोडे कमी केले. नंतर अर्क बदलला. मग थोडी साखर काढून तिच्या जागी दुसरेच काही गोड घातले, पुन्हा थोडी काढली, पुन्हा थोडी. काच जाऊन प्लॅस्टिक आले, तेव्हा गॅसही उतरवला. नऊ वर्षांत बारा बदल, प्रत्येक नखाएवढा. दर वेळी साहेब माझ्या टेबलाशी येऊन विचारत, "बाई, मागच्यापेक्षा काही वेगळं लागतंय का?" मी खरे तेच सांगे, "नाही." मग ते म्हणत, "झालं तर, करा सही."

या साहेबांना मी माझी उत्कृष्ट सेवेची पाच प्रशस्तिपत्रे देत आहे, चौकटींसह. खिळे त्यांनी स्वतः ठोकावेत.

५. गॅलरीतील वेताची खुर्ची कारखान्यात साखरेचा पाक करणाऱ्या दादांना द्यावी. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी जुन्या मापाने, साल किसून, घरच्या सोडायंत्रात नारिंगी केली होती. शेजारी दुकानातली बाटली ओतली. मी सवयीने डावा पेला आधी घेतला, मग उजवा. डाव्यात सरबत होते, उजव्यात खोकल्याचे औषध. जिभेला न कळावा इतका तो फरक बारीक नव्हता, शेंबड्या पोरालाही कळला असता. दादा म्हणाले, "बाई, तुम्ही दर वेळी मागच्या महिन्याशी ताडून बघत होता. पहिलीशी कोणी ताडलीच नाही." उतरत्या पायऱ्यांवर प्रत्येक पायरी मी मोजली, आणि जिना कुठे चाललाय ते पाहिलेच नाही. जगाला अक्कल शिकवणारी मी, मला हे एकदाही सुचू नये याचा संताप येतो.

६. आईचे शिवणयंत्र माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. ते आम्हा दोघींनाही हवे होते आणि मी थोरली म्हणून लाटले.

याच कलमात पुढील कबुली देत आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या घरी सगळे जेवायला जमलो असता तिने आमची नारिंगी ओतली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "ताई, तुमच्या कारखान्याची चव गेली गं." तेव्हा बारांपैकी सात बदल होऊन गेले होते. ती मोठ्या दुखण्यातून नुकतीच उठली होती. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "चव नाही गेली, तुझी जीभ गेली. औषधं खाऊन खाऊन." ती पेला उचलून आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर आमचे बोलणे नाही. मी मात्र कामावर जाऊन आणखी पाच सह्या केल्या, आधीपेक्षा ठसठशीत.

तिची जीभ शाबूत होती. माझी कामातून गेली होती. ती बरोबर होती व मी चूक होते, हे माझ्या मृत्यूनंतर तिला वाचून दाखवावे. मुलाने दाखवावे, गाळू नये.

७. मी गेल्यावर घरी भेटायला येणाऱ्यांना माठातले पाणी द्यावे. ती नारिंगी कोणी आणल्यास बेसिनमध्ये ओतावी.

८. मजकूर वाचून पाहताना वकीलसाहेब सहाव्या कलमाशी थांबले. त्यांनी विचारले, "बहीण हयात आहे?" मी म्हटले, आहे, दोन बसथांबे सोडून राहते. ते म्हणाले, "मृत्युपत्रातलं काहीही तुम्ही असेपर्यंत लागू होत नाही. आणि बहीणबाईच आधी गेल्या तर?" हा प्रश्न मला महिनाभर सुचला नव्हता. मी तिथूनच फोन लावला. तिने उचलला. मी नाव न सांगता म्हणाले, "चव गेली होती. तू म्हणालीस ते खरं होतं."

मग ती म्हणाली, "मरायला टेकलीस की काय, खरं बोलायला लागलीस ते?"

मी म्हटले, अजून नाही, मृत्युपत्र करतेय.

"मग ते ठेव बाजूला आणि उद्या जेवायला ये. मेल्यावर येऊ नकोस."

सबब कलम सहामधील कबुली येथून काढून टाकावी. ती उद्या समक्ष दिली जाईल. बाकी मृत्युपत्र कायम.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरील चावीवाले (सही)
ठिकाण: वकीलसाहेबांची कचेरी
दिनांक: महिन्याची नऊ तारीख, शनिवार